मोरीवरची सहा मापे

मी प्रतापराव माणिकराव बोधनकर, वय एकाहत्तर, निवृत्त उपअभियंता, राहणार अंबरपेठ, हैदराबाद, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. मन बरे नाही. समज शाबूत आहे.

१. माझे स्वकष्टार्जित राहते घर रेणू हिला द्यावे. तिची आई भामाबाई आमच्याकडे एकोणीस वर्षे कामाला होत्या. कारण लिहून ठेवतो.

घरामागच्या नव्या रस्त्याखाली नाल्यासाठी दोनच नळ्यांची मोरी घातली. पुराचे पाणी तिच्यातून निघणार नाही, असे मी कार्यालयाला सात वर्षे कळवीत होतो. "पुरावा द्या," एवढेच उत्तर येई. गेल्या ऑगस्टात पूर आला. सकाळीच मी रस्त्यावर उभा राहून दोन्ही बाजूंच्या मोजपट्ट्या दर दहा मिनिटांनी वाचू लागलो. खालच्या बाजूला पाणी गुडघाभर, वरच्या बाजूला पुरुषभर. माझे म्हणणे खरे ठरत होते. मला आनंद झाला. हे लपवून मरायचे नाही.

वरच्या बाजूला बस्ती होती. शेजारचे सुरेश धावत आले. "काका, बस्तीत पाणी घुसतंय, चला."

"एवढं एक माप घेतो," मी म्हणालो.

त्यानंतर मी तीन मापे घेतली. भामाबाई त्याच बस्तीतल्या घरी तापाने झोपून आहेत, हे मला ठाऊक होते. पाण्याच्या दाबाने त्यांचे दार उघडले नाही.

२. सहा मापांची वही मी कार्यालयात नेली. तिथे माझ्या हाताखाली शिकलेला सुधीर आता अधिकारी आहे. "सर, मापं उत्तम आहेत. पण रस्ता आता खासगी कंपनीकडे गेला, फाइल बंद झाली." मोरी आजही तीच आहे. सुधीरला माझ्या तेराव्याला बोलावू नये.

३. चिरंजीव विक्रम अमेरिकेत असतो. त्याला त्याच्या आईचे, कै. सरोजचे दागिने द्यावेत. त्याला मराठी नीट वाचता येत नाही. वकिलांनी हा कागद त्याला वाचून दाखवावा, पहिले कलम न गाळता.

४. घराचे मी रेणूला सांगितले. तिने एकच विचारले, "तुम्ही तेव्हाच गेला असता, तर आई वाचली असती?"

"हो," मी म्हणालो.

ती उठून गेली. होकार नाही, नकारही नाही. तिने घर विकले, पाडले किंवा कुलूप लावून ओसाड टाकले, तरी कोणी तिला कारण विचारू नये.

वाचून, समजून सही केली.
प्रतापराव माणिकराव बोधनकर

आमच्यासमक्ष सही झाली:
सुरेश नारायण निर्मलकर, शेजारी
स्वाती वसंत उदगीरकर, वकील, हिमायतनगर

अंबरपेठ, हैदराबाद
३ मार्च २००१