उतारावरचा ब्रेक

दि. ४ जानेवारी
ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

चौथ्यांदा दुरुस्त होऊन गाडी काल घरी आली आणि आज शाळेच्या उतारावर ब्रेकचं पेडल पुन्हा तळाला गेलं. चिमणी मागे पाढे म्हणत बसली होती. हँडब्रेक ओढून फाटकाच्या अलीकडे कशीबशी थांबले. लेकीला काही कळलं नाही. माझे हात अजून थरथरतायत, अक्षरावरून ओळखशीलच. शोरूमचे साहेब दर वेळी म्हणतात, आम्ही चालवून पाहिली, दोष नाही, तुम्हीच घाबरता. तू तीस वर्षं बस चालवलीस. खरं सांग, चूक माझी आहे का?

लोभ आहेच, सोबत सल्लाही पाठव.
तुझी भागूबाई

दि. ८ जानेवारी
चि. भागूबाईस,
अनेक आशीर्वाद.

भित्री तू जन्मापासूनची, पण ते ब्रेकला ठाऊक नसतं. तुझी चारही पत्रं काढून पुन्हा वाचली. दर वेळी तू गाडी आदल्या संध्याकाळी धुऊनपुसून तिथे ठेवतेस. सकाळी ते थंड गाडी सपाट रस्त्यावर फिरवतात. तिचं दुखणं उतारावर तापल्यावरचं, तिथे कसं दिसणार? साहेबांना शेजारी बसव आणि तुझा उतार दाखव. रस्ता मोकळा बघ, हात हँडब्रेकवर ठेव. तोवर चिमणीला त्या गाडीत बसवायचं नाही.

काळजीत,
दादा

दि. १६ जानेवारी
ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दुसऱ्या फेरीपर्यंत साहेब हसत होते. तिसऱ्या फेरीला पेडल गेलं. मी गाडी सरळ वाळूच्या ढिगात घातली. साहेब उतरले ते परत त्या गाडीत बसलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी गाडी दिली, दुरुस्तीचे सगळे कागद मागून घेतले आणि कुणाकडे बोलणार नाही अशी सही घेतली. मी मुकाट्याने केली. सुटले एकदाची.

तुझी भागूबाई

दि. २ फेब्रुवारी
ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आज शोरूममध्ये गेले, तर आपली जुनी गाडी दर्शनी भागात विकायला उभी. मागच्या दारावर चिमणीच्या दप्तराचा ओरखडा तसाच आहे. आत एक जोडपं, बाईच्या मांडीवर तान्हं. दहा तारखेला सकाळी गाडी नेणार आहेत. साहेबांना विचारलं, तर म्हणाले, दुरुस्त केलीय, चालवून पाहिलीय, आणि सही विसरू नका. तशीच घरी आले. दादा, मला स्वतःची लाज वाटते आणि भीतीही वाटते. नवी गाडी काढून घेतील. हातात एक कागद उरला नाही.

तुझी भागूबाई

दि. ५ फेब्रुवारी
चि. भागूबाईस,
अनेक आशीर्वाद.

कागद तू दिलेस, पत्रं माझ्याकडे आहेत. पहिल्यापासूनची सगळी सोबत पाठवतोय, तारखांसकट. गाडी गेली तर जाऊ दे, चिमणीला मी पायी शाळेत सोडेन. शनिवारी, दहा तारखेलाच येतोय.

दादा

दि. १३ फेब्रुवारी
ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलास ना? दहा तारखेला तू शोरूमच्या फाटकाशी उभा होतास, म्हणून तुला आतलं दिसलं नाही. साहेब समोरून येताना दिसले, तरी मी पत्रांचं पाकीट त्या बाईंच्या हातात दिलं. त्यांनी उभ्याउभ्या थरथरत्या अक्षरातलं पत्र वाचलं. नवऱ्याला काही न विचारता त्यांनी आधी तान्ह्याला गाडीतून बाहेर काढलं.

साहेबांचा फोन सकाळपासून वाजतोय. हे पत्र टाकून आले की उचलते.

तुझी,
अजूनही भागूबाईच