माजी अर्थमंत्र्याच्या मुलीच्या नावे

मी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा पूर्वी पत्रकारिता, मधली काही वर्षे मंत्रिपद, सध्या काही नाही, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. डोके शाबूत आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. कोणाचे दडपण नाही. दडपण आणण्यासारखे माझ्याकडे आता काही उरलेलेही नाही.

१. राहते घर स्वकष्टार्जित आहे. अर्थशास्त्र शिकवायचे सोडून मी वर्तमानपत्रात गेलो तेव्हा सासरे म्हणाले होते, "जावई हातचं सोडून पळत्याच्या मागे लागला." त्याच वर्तमानपत्रातल्या लेखांवर हे घर उभे राहिले. घर व बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीस मिळावी.

२. अर्थशास्त्राची पुस्तके महाविद्यालयास द्यावीत. ते नको म्हणाले तर रद्दीवाल्यास. तो निदान वजन तरी करील.

३. पक्षाध्यक्ष, ज्यांना आम्ही सगळे 'थोरले' म्हणत असू, त्यांना माझ्या अंत्ययात्रेत बोलू देऊ नये. देहावर पक्षाचा झेंडा घालू नये. "नुसती लेखणी घासून काय होतंय? खुर्चीत बसून दाखवा," असे म्हणून त्यांनीच मला राजकारणात ओढले. बसलो. बेकारीचे खरे आकडे हाती आले तेव्हा म्हणाले, "निवडणुकीपर्यंत झाकली मूठ."

४. हे कलम वकिलांना पसंत नाही. मृत्युपत्रात हकीकत नसते, म्हणतात.

माझी मुलगी दुसऱ्या वर्तमानपत्रात बातमीदार होती. घरात कामाचे बोलायचे नाही, हा तिच्या आईने घातलेला नियम आई गेल्यावरही आम्ही पाळला. निवडणुकीच्या तोंडावर माझ्या एका पत्रकार परिषदेत ती उभी राहिली.

"मंत्रिमहोदय, बेकारीचा अहवाल दाबून ठेवलाय, हे खरं का?"

सचिवांनी चिठ्ठी सरकवली: 'तपासून सांगतो' म्हणा. मी म्हणालो, "खरं आहे," आणि आकडे सांगून मोकळा झालो.

संध्याकाळी मंत्रिपद गेले. त्याचे दुःख नाही. पण थोरले हसत हसत वार्ताहरांना म्हणाले, "बापलेकीचं नाटक छान बसलं होतं." तेवढे पुरले. कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून तिने मिळवलेली बातमी बापाची भेट ठरली. संपादकांनी तिला राशिभविष्याच्या पानावर बसवले. वर्षभरात तिने नोकरी सोडली. आता औषधांच्या माहितीपत्रकांची भाषांतरे करते. रविवारी येते, माझ्या गोळ्या लावून ठेवते, जाते. मी खोटे बोललो असतो तर तिची बातमी तिचीच राहिली असती. हे गणित मला अजून सुटलेले नाही.

इथवरचा मसुदा मी तिला वाचून दाखवला.

"मला घर नको, बाबा."

"मग काय हवं?"

तिने गोळ्यांची रिकामी पाकिटे आवरली. "तुम्हाला आधी काहीच माहीत नव्हतं, एवढं लिहा."

५. सबब साक्षीदारांसमक्ष शपथेवर जाहीर करतो की, तो प्रश्न सर्वस्वी तिचा होता. मला त्याची पूर्वकल्पना नव्हती.

हे वाचून तिने चष्मा पुसला. "आता कोण छापणार हे?" म्हणाली.



कलम १ कायम आहे.

लिहून ठेवणार: (सही) माजी अर्थमंत्री
साक्षीदार: (सही) घरचे डॉक्टर
साक्षीदार: (सही) आमच्या वर्तमानपत्राचे निवृत्त मुद्रितशोधक, शुद्धलेखन तपासले, मजकुरास हात लावलेला नाही
स्थळ: राहत्या घरी, पुढची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर, रविवार