तेराचे पाच

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून राग बंद. एचआरने लेखी दिलंय: श्री. समाधान, पुन्हा तक्रार आली तर टीम काढून घेऊ. घेऊन तर बघा म्हणावं. मानेसरच्या या कंपनीत गाड्यांचे पार्ट बनवणारे ढिगाने आहेत, अजाईल, म्हणजे थोडंथोडं करत झटपट काम उरकायची पद्धत, कळलेला माणूस मी एकटा. ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आहे, फ्रेमसकट.
प्रोजेक्ट साधा. बसचं कार्ड स्कॅन झालं की गेटचा बॅरियर आपोआप वर. डायरेक्टरसाहेबांना महिनाअखेरीची तारीख देऊन टाकली. टीमला सांगायचं राहिलं.

४ नोव्हेंबर
काम किती अवघड, ते टीमने नंबरांचे पत्ते टाकून सांगायचं, अशी पद्धत आहे. टेस्टिंगसाठी श्रावस्तीने तेराचा पत्ता टाकला. सहा आठवडे लागतील म्हणाली. मी म्हटलं, पाच टाक. करोल बागेत दुकानदार सांगतो तो भाव कुणी देतं का?
म्हणाली, "सर, हा भाव नाहीये. बॅरियर कुणाच्या तरी डोक्यात पडेल."
राग आला नाही. व्हाइटबोर्डला फक्त एक बुक्की मारली. बोर्डामागे पिलर निघाला. टीम लगेच पाचाला तयार झाली, एकमताने.

५ नोव्हेंबर (डाव्या हाताने)
हाड मोडलंय. प्लास्टर. डॉक्टर म्हणे सहा आठवडे. यांना सगळ्यांना सहाच कसे सुचतात? मी मनात तीन धरले.
लुंबिनी विचारते, अहो, बोर्डाने तुमचं काय वाकडं केलं होतं? बायकोला पॅशन कळत नाही.

१२ नोव्हेंबर
सकाळचा स्टँडअप. कुणाचं काय अडलंय ते उभ्याउभ्या सांगायचं. विनय म्हणाला, बॅरियर कधीकधी मध्येच खाली येतो. मोबाइल फेकला. त्याच्यावर नाही, त्याच्या दिशेने. कानाजवळून गेला आणि भिंतीवरच्या 'चुका बिनधास्त करा' या कंपनीच्या पोस्टरवर फुटला.
विनयची चूक अप्रेझलमध्ये नोंदवली. पॉलिसी आहे, माझा नाइलाज.

१९ नोव्हेंबर
आठवडाभर कुणाचंच काही अडलेलं नाही. रोज विचारतो, रोज सगळे म्हणतात, सब ठीक. स्टँडअप चुटकीसरशी संपतो. टीम मॅच्युअर झाली यार!

२४ नोव्हेंबर
टेस्टिंग रद्द केलं. टेस्टिंग म्हणजे आपल्याच माणसांवर अविश्वास. श्रावस्ती वाद घालायला लागली म्हणून खुर्चीला लाथ घातली. खुर्चीला चाकं होती. ती जाऊन विनयच्या नडगीवर आदळली. त्याने खुर्ची डोक्यावर उचलली, बाकीच्यांनी त्याला मागून धरलं.
सगळे मिळून एका कामाला लागले हे पहिल्यांदाच बघितलं. बरं वाटलं.

२६ नोव्हेंबर
तीन आठवडे झाले. डेडलाइन म्हणजे डेडलाइन. प्लास्टर कात्रीने कापायला घेतलं. लुंबिनीने कात्री हिसकावली. उरलेलं विळीवर कापलं. रक्त थोडंच आलं.
मूठ नीट वळत नाही. किरकोळ आहे, लाँचनंतर बघू.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
लाँच. हार, पेढे. पहिली बस गेली. दुसरी गेली. मग डायरेक्टरसाहेबांची नवी गाडी. बॅरियर वर गेला आणि धाडकन टपावर आला. टप चेपला, काचांचा चुराडा, साहेबांच्या कपाळातून रक्ताची धार.
मी विनयची कॉलर धरली. हे होणार होतं तर बोलला का नाहीस?
"बोललो होतो, सर. मोबाइल आला."
थोबाड फोडणार होतो. मूठच वळली नाही. आणि या वेळी त्याला कुणी मागून धरलं नाही.

५ डिसेंबर
ओठ अजून सुजलेला. टीम श्रावस्तीला दिली. तिने सहा आठवडे मागितले होते, कंपनीने आठ दिले. मला रजेवर पाठवलं. ठीकच आहे, विश्रांती हवीच होती.
लुंबिनी ओढत हॉस्पिटलला घेऊन गेली. हाड वाकडं जुळलंय. पुन्हा मोडून बसवणार. डॉक्टरांनी जागा दाबली आणि विचारलं, एक ते दहामध्ये किती दुखतंय? सवयीने म्हणालो, पाच.
त्यांनी परत दाबलं.
तेरा म्हणालो.