नाताळात घासलेल्या घागरी

लातूर,
३० डिसेंबर १९८२

ती. नरसिंगमामांना विशाखाचा सविनय जय भीम.

मामींचे गुडघे थंडीत जास्त दुखत असतील; त्यांना विहिरीवर पाठवू नका (विहिरीत पाणी असलेच तर). मी बरी आहे. दादांना सांगा, तुमची लेक मिशनच्या वसतिगृहात शिकवत असली तरी नाताळच्या प्रार्थनेत तिने फक्त सतरंज्या अंथरल्या.

आमच्या मोठ्या बाई म्हणाल्या, यंदा दुष्काळ आहे, फराळ आणि रोषणाई नको. प्रत्येकीने शेजाऱ्यांसाठी हाताने काहीतरी करावे, म्हणजे आपण कशासाठी जगतो ते कळेल. मामा, पदवी मिळाल्यापासून मी तेच शोधते आहे. नाताळच्या सकाळी बाहेर पडले, तर शेजारच्या वस्तीत टँकर थांबतो तिथे चाळीसेक घागरी, हंडे, डबे वाकडेतिकडे पडलेले, जवळ माणूस नाही. सुट्टीत घरी न गेलेल्या सहा मुली बोलावल्या आणि पाण्याचा थेंब न वापरता (याचा मला फार अभिमान वाटला) राखेने सगळी भांडी लख्ख घासली. गळ्यांना बांधलेल्या मळक्या चिंध्या सोडून जाळल्या. मग कवायतीला उभे करतात तशी लहानापासून मोठ्यापर्यंत ओळ लावली.

ती भांडी म्हणजे बायकांचे पहाटेपासूनचे नंबर होते आणि चिंधी ही जिची तिची खूण. (हदगावला आपणही असेच करतो. बी.ए. होताना मी हे कुठे विसरले, कळत नाही.)

टँकर आला, बायका धावत आल्या आणि थबकल्या. वस्तीतल्या सगळ्यांत वयस्क कोंडाबाई म्हणाल्या, "भांडी उजळलीस माय, पर नंबर धुतलास की."

मागून कुणीतरी म्हणाले, "लई शिकल्याली हाय म्हणं."

"म्हणूनच तर," दुसरी म्हणाली.

मग प्रत्येकीचाच नंबर पहिला निघाला. टँकरवाला निघून जाण्याची भाषा करू लागला, तेव्हा कोंडाबाईंनी मला दगडावर बसवले. "आता तूच लिही. आधी लेकुरवाळ्या, मग म्हाताऱ्या. मी म्हातारी न्हाई, मला मधी घाल."

पोचे बघून भांडी ओळखली गेली, मी नावे लिहिली आणि वाचत गेले. लिहिलेले म्हणून कोणी भांडले नाही. शेवटच्या डब्यापर्यंत पाणी पुरले. जाताना कोंडाबाई म्हणाल्या, "उद्या बी ये. वही घिऊन." तेव्हापासून रोज सकाळी दहाला मी तिथे असते. मला वाटते, मला माझे काम सापडले.

मामींना नमस्कार.

आपली भाची,
विशाखा

ता.क. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत तुम्ही माझा अर्ज भरला होता, त्याची मुलाखत पाच तारखेला सकाळी दहालाच आहे. मी जाणार नाही. दादांना तेवढे समजावून सांगा.

ता.क. २ दादांना काही सांगू नका. पत्र टाकायला निघाले, तर वाटेत कोंडाबाई भेटल्या. मुलाखतीचे ऐकून म्हणाल्या, "येडी का काय? टँकर धाडत्यात त्या हापिसात आपलं एक माणूस नगं का? वहीचं आमी बघू." चार जणी मला मुलाखतीला पोचवायला येणार आहेत, नको म्हटले तरी ऐकत नाहीत. तेव्हा घरच्या भिंतीवरचे माझे पदवीचे प्रमाणपत्र तातडीने एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पाठवा. दादा ते फ्रेममधून काढू देणार नाहीत, फ्रेमसकट पाठवा. भिंत उघडी दिसेल म्हणाले, तर तिथे कॅलेंडर लावा.