दोन याद्यांवर माझी सही

३ नोव्हेंबर, सोमवार

आज अकरा घरं. अकराही घरांत बायकांचं एकच उत्तर — "काय नाय गो!"

प्रश्न चौदावा: गेल्या सात दिवसांत तुम्ही कोणतं काम केलंत? पर्याय पाच. पगारी, रोजंदारी, स्वतःचा धंदा, घरकाम, काहीही नाही. आनंदीकाकीकडे गेले तर ती अंगणात पेडव्यांना मीठ चोळत बसलेली. कोपरापर्यंत खवले. विचारलं.

"मी काय करतंय? काय नाय. घराकच आसतंय." वर मलाच — "येवढी शिकलंस आणि असले प्रश्न इचारतंस?"

ही माझी सख्खी काकी. आई गेल्यावर हिच्याच ताटात जेवून मोठी झाले. तरी ट्रेनिंगमध्ये सुशांत सरांनी बजावलंय — उत्तर सुचवायचं नाही, समोरचा म्हणेल तेच. मी टॅबवर 'काहीही नाही' दाबलं. नियम म्हणजे नियम. पुण्याची संस्था आहे, पाच महिन्यांचं रोजगार-पाहणीचं काम आहे, आणि मला ते नीट करून दाखवायचंय.

५ नोव्हेंबर

नऊ घरं. नऊ 'काय नाय'.

८ नोव्हेंबर, शनिवार

दोडामार्गला होते दोन दिवस. तिकडे काय सुख! पोरं सकाळी बसने गोव्यात जातात, कारखान्याचं नाव, पगार, सुट्टी — सगळं तोंडपाठ. सात मिनिटांत फॉर्म खलास. आमच्या मोरवेळात एका बाईला पाऊण तास, आणि शेवटी शून्य.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज रापण लागली. पहाटे होडी जाळं सोडून आली, मग दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून ओढायला सगळी वाडी. काका गेल्यापासून काकी पण. आमच्याकडे रीतच आहे — घरात पुरुष नसलेली बाई दोरीला नुसता हात लावू दे, तिचा वाटा निघतो. तो मागावा लागत नाही आणि त्याला कोणी मजुरी म्हणत नाही. काकीची पाटी बांगड्यांनी भरली. अर्धे ती विकणार, अर्धे खारवणार.

म्हटलं, "काकी, हे काम नव्हे?"

"ह्या खंयचा काम! दोरयेक हात लावलंय येवढाच. काम म्हणजे पगार येता ता."

सुशांत सरांना फोन केला. म्हटलं, सर, या बायका राबतात पण सांगत नाहीत, शेरा लिहू का? म्हणाले, ॲपमध्ये शेऱ्याची जागाच नाही. आणि — "तुमचा डेटा सगळ्यात स्वच्छ आहे, शाब्बास!"

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

२ डिसेंबर

किनाऱ्यावर लाल रंगाच्या खुंट्या. दोरी ओढतात बरोब्बर त्याच पट्ट्यात. चार माणसं फीत धरून मोजत होती, विचारलं तर हसून "सर्व्हे, सर्व्हे" म्हणाली. कुठली ते सांगेनात.

९ डिसेंबर, मंगळवार

पंचायतीच्या फळ्यावर नोटीस. जेटी आणि जलक्रीडा केंद्र. पट्टा बंद होणार. खाली तक्ता — बाधित मच्छीमार कुटुंबं: चार.

चार! म्हणजे होडीवाले चार. त्यांनी 'स्वतःचा धंदा' सांगितला होता. त्याखाली बारीक अक्षरात 'आधार' म्हणून आमच्या संस्थेचं नाव आणि महिना — नोव्हेंबर. तो महिना मीच भरला होता. महिनाअखेरच्या आकड्यांच्या यादीवर सहीही माझीच. 

सरांना फोन. "करारानुसार आकडे शासनाला द्यावेच लागतात. नावं नाही दिली आपण, फक्त आकडे." वर — "तुम्ही चुकीचं काही केलेलं नाही."

तेच तर!

१० डिसेंबर

कोणाला सांगितलं नाही. भित्री आहे मी.

१३ डिसेंबर, शनिवार

सांगितलं शेवटी, काकीला. रडले. ती सुकत घातलेले मासे उलटत होती, हात थांबला नाही तिचा.

"रडतंस कित्याक? सांगलंय मीच ना? तू लिवलंस."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परशुराममामा पंचायतीत सदस्य आहेत. माणूस मनाने चांगला, घाई फार. ते म्हणाले, २२ ला सुनावणी आहे, तोपर्यंत तू नवी यादी कर. नावानिशी. कोण काय राबतं ते सगळं लिही, अंगठे घे, खाली सही ठोक.

१७ डिसेंबर

तीन दिवसांत एकतीस बायका. या वेळी मी सुचवलं! खोदून खोदून विचारलं. दोरी कोण ओढतं? निवडतं कोण? बाजारात टोपली कोण नेतं? काजू फोडायला कोण जातं? काकीचं तर पान पुरेना. लिहिलेलं सगळं तिला वाचून दाखवलं.

मग म्हणाली, "येवढा सगळा मी करतंय? आणि लोकांका सांगतंय, घराक आसतंय म्हणान!"

आणि हसली. किती वर्षांनी अशी हसताना पाहिली तिला. खाली मी ठसठशीत सही केली.

२२ डिसेंबर, सोमवार

तालुक्याच्या ऑफिसात जेटीची सुनावणी, तिथे यादी दिली. साहेबांनी पान न् पान वाचलं. इतकं मन लावून कोणी वाचेल असं वाटलं नव्हतं. मग चष्मा काढून — "म्हणजे या सगळ्या कमावत्या आहेत?"

मी म्हणाले, "हो सर. सगळ्या."

ठणकावून म्हणाले! मामांनी बाहेर येऊन पाठ थोपटली.

५ जानेवारी

एकतीसपैकी एकोणीस विधवा. एकोणीसही जणींना आज पत्र आलं. निराधार पेन्शन थांबवली — 'लाभार्थी कमावती असल्याचे आढळले.' सोबत माझ्या यादीची झेरॉक्स. माझी सही झेरॉक्समध्ये जास्तच ठळक आलीय.

हे मला सुचायला हवं होतं. पेन्शन निराधार बाईला मिळते आणि मी एकेकीच्या नावापुढे तिचा धंदा लिहून दिला. समाजकार्याची पदवी आहे माझ्याकडे. भिंतीवर टांगलीय.

७ जानेवारी

विहिरीवर गेले. बायका लगेच बाजूला सरल्या. वाट करून दिली मला, पाहुण्याला देतात तशी.

१२ जानेवारी, सोमवार

मला तालुक्याच्या ऑफिसातून बोलावणं आलंय. एकाच गावाच्या दोन याद्या, दोन्हींवर एकाच व्यक्तीची सही. गुरुवारी हजर राहून कोणती खोटी ते लेखी द्यावे.

पहिली खोटी म्हटलं तर एकोणीस जणींची पेन्शन कायमची गेली. दुसरी खोटी म्हटलं तर किनारा गेला. मामा म्हणतात, किनारा धर, पेन्शनचं बघू मागाहून. मलाही तेच पटतं. खरं तेच सांगायचं. खरं सांगायला कसली भीती?

संध्याकाळी काकी आली. उंबऱ्याच्या आत आली नाही.

"दुसरी यादी खोटी म्हणान सांग."

म्हटलं, काकी, तूच हसली होतीस ना तेव्हा!

"हसलंय. पण रापण लागली तर वाटो. लागाक नाय तर? पेन्शन म्हयन्याक येता. माझे प्रेशरचे गोळये खंयसून हाडू?" मग हळूच, "बाकीच्यांनी पण सांगलानी हा. तुझ्याकडे येवक तेंका लाज वाटता, म्हणान मी इलंय."

माझ्याकडे यायला त्यांना लाज! मला कुठे तोंड लपवू असं झालं.

१४ जानेवारी

संक्रांत. काकीने तिळगूळ पाठवला, स्वतः आली नाही. ठरवलं. एकोणीस जणी जे म्हणतील तेच लिहिणार. पुन्हा एकदा.

१५ जानेवारी, गुरुवार

तालुक्याच्या ऑफिसात जिन्यात उभी राहून लिहितेय. लिहून दिलं — दुसरी यादी खोटी आहे. साहेब म्हणाले, "छान. म्हणजे पट्ट्यावर हरकत कोणाचीच नाही. सोमवारी मशीन लागेल." मी म्हटलं, आणि पेन्शन? उद्यापासून सुरू ना?

"पेन्शन? ते माझ्याकडे नाही, मॅडम. तो विभाग वेगळा. तिथे अजून तुमची दुसरी यादीच धरतात."

खाली बाकावर काकी बसलीय. तिच्याबरोबर अठराजणी.