दाराखालून आलेला पूर्वपक्ष

गुरुजी, तुम्हाला जाऊन आता चाळीस वर्षं होतील. तुमच्या पाठशाळेपासून मी इतका दूर आलो आहे, की हिवाळ्यात सकाळच्या संध्येला सूर्यही वेळेवर येत नाही. तरी आचमन करताना कानात आवाज तुमचाच असतो. परवा माझ्या जुन्या विद्यापीठाचं पत्र आलं. ज्यू विद्यार्थ्यांचा छळ थांबावा आणि कुणाचं तोंडही बांधलं जाऊ नये, असे नियम करायला त्यांनी समिती नेमली आहे. दहा वर्षांपूर्वीच्या एका प्रकरणातलं मला जे ठाऊक आहे, ते उद्या सकाळी तिच्यापुढे सांगायचं आहे. मला भीती वाटते. जन्मभर अभयाचे श्लोक शिकवलेल्या माणसाने हे लिहावं याची लाज वाटते.

तुमचा पहिला नियम मी कधी विसरलो नाही : प्रतिपक्षाचं म्हणणं असं मांड, की तो स्वतः मान डोलावेल, खंडन त्यानंतर. पूर्वपक्ष दुबळा मांडला म्हणून तुम्ही मला एकदा अख्खी दुपार उभं ठेवलंत. "बुजगावण्याला झोडपून शूर होतोस काय रे?" तोच नियम मी इथे यॉर्कशायरमध्ये, त्या विद्यापीठात, माझ्या संस्कृतच्या वर्गाला शिकवला. त्या वर्गात एक ज्यू मुलगी होती. शब्दरूपं म्हणताना डोळे मिटायची, अगदी आपल्या पाठशाळेतल्यासारखी. तिच्या आजीच्या तीन बहिणी छळछावणीत मारल्या गेल्या होत्या. त्या वर्षी एका विद्यार्थ्याने पत्रकं वाटली, की ती हत्याकांडं झालीच नाहीत, ज्यूंनी रचलेलं ते कुभांड आहे. पत्रकं सभागृहात होती तोवर ती गप्प राहिली. मग तेच पत्रक लागोपाठ तीन सकाळी तिच्या खोलीच्या दाराखालून आत आलं, तेव्हा तिने तक्रार केली.

चौकशीला आम्ही पाच जण बसलो. अध्यक्ष म्हणाले, "मतस्वातंत्र्य जपणं आपल्याला भागच आहे, पण मुलीचंही ऐकायला हवं." मग माझ्याकडे वळून हसले. "डॉक्टर, तुमच्याकडे म्हणे शतकानुशतकं वादच चालू आहेत. काढा काही तोड." आणि मी तोड काढली. म्हटलं, तिने या पत्रकाचा पूर्वपक्ष मांडावा, लिहिणाऱ्याला मान्य होईल असा. मग खंडन करावं. "ब्रिलियंट! व्हेरी फेअर," सगळे म्हणाले. मला अजून दिसतं : ती हातात कागद घेऊन उभी आहे, पहिली दोन वाक्यं ती कशीबशी बोलते, आणि समोर बसलेला पत्रकवाला हसून मान डोलावतो. "अगदी बरोबर," तो म्हणतो, "पुढे?" ती थांबते. त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहते. "सर, माझ्या आजीला बहिणी होत्या, हे आता मी सिद्ध करायचं का?" ती निघून गेली. महिन्याभरात विद्यापीठही सोडून गेली. इतिवृत्तात नोंद झाली, की दोन्ही बाजूंना समान संधी देण्यात आली.

तुमच्या नियमाचा दुसरा भाग मला आठवत नव्हता असं नाही, गुरुजी. मी वार लावून जेवणारा विद्यार्थी. परगावच्या शास्त्रीबुवांनी भर सभेत विचारलं, "आज कुणाच्या घरचं खाऊन बोलतोस रे?" आणि माझी जीभ टाळूला चिकटली. तुम्ही उठलात, मला आपल्या पाटावर बसवलंत आणि म्हणालात, "सभा संपली. घाबरलेल्याशी वाद होत नाही. होते ती शिकार." त्या शास्त्रीबुवांना तुम्ही गावाबाहेर काढलं नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचं प्रवचनही होऊ दिलंत, आणि नंतर स्वतः उठून त्याला उत्तर दिलंत. फक्त त्यांना माझ्या अंगावर येऊ दिलं नाहीत. एवढंच तर करायचं होतं. सभागृहातल्या पत्रकाला आम्ही शिकल्यासवरल्या माणसांनी उत्तर द्यायचं होतं, आणि दाराखालून ते कोण सरकवतो याचा छडा लावायचा होता. दार हा शब्दही मी त्या चौकशीत उच्चारला नाही.

कारण त्याच आठवड्यात माझ्या दाराच्या टपालाच्या फटीतूनही एक कागद आला होता. त्यावर एकच ओळ : यात पडू नकोस, घर आम्हाला ठाऊक आहे. तो मी देवघरात पोथीखाली लपवला आणि फट आतून फळी ठोकून बंद केली. "अहो, आता पोस्टमनने काय धुराड्यातून उतरायचं?" पत्नीने विचारलं. म्हटलं, गार वारा येतो. तेव्हापासून आमचं टपाल शेजारी पडतं. लोकांना मी सांगत आलो, की मी गुरूंचा नियम पाळला. खरं म्हणजे मी त्याच्यामागे लपलो होतो.

तो कागद उद्या समितीपुढे ठेवायचा, असं ठरवलं आहे. ओळ लिहिणारा आज कुठे आहे ठाऊक नाही. आमचं घर मात्र तेच आहे. दुपारी पक्कड घेऊन दारापाशी बसलो. फळीच्या चार खिळ्यांपैकी तीन काढले. "आणि चौथा?" पत्नीने विचारलं. म्हटलं, गंजलाय, निघत नाही. हे पत्रही आता पोथीखालीच जाईल, म्हणून तुम्हाला तरी खरं सांगतो. तो गंजलेला नाही. मी त्याला पक्कड लावलीच नाही.