संध्याकाळी रुसणारी गाडी

४ फेब्रुवारी, मंगळवार

भाऊजींना रडवल्याशिवाय मी राहणार नाही. लिहूनच ठेवते, म्हणजे उद्या राग ओसरला तरी शब्द फिरवता येणार नाही.

गाडी आज पुन्हा मेली. उड्डाणपुलाच्या मधोमध, मागे रक्ताच्या नमुन्यांची पेटी बांधलेली. दिवा नाही, हॉर्न नाही, सगळंच एकदम ठप्प! ढकलत लॅब गाठली तोवर पेटीतला बर्फ वितळला होता. नमुने बाद. ज्या आजींची शीर सापडता सापडत नव्हती, त्यांच्याकडे आता पुन्हा सुई घेऊन जायचं. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, आणखी एकदा असं झालं तर तुझी फेरी दुसऱ्याला देईन. शांतपणे म्हणाल्या. त्या शांतपणे म्हणतात तेव्हा करतातच.

आणि निघताना? फाटकातल्या उंचवट्यावर गाडी आदळली आणि दिवा आपोआप लागला — मला चिडवायला!

भाऊजींना फोन केला. ताईचा नवरा, म्हणून डोळे मिटून त्यांची जुनी मोटरसायकल घेतली. देताना म्हणाले होते, गुणी गाडी आहे, संध्याकाळी जरा रुसते एवढंच. मी हसले होते! आज म्हणतात, "गाडीला काही झालेलं नाही गं. चालवणारीचा हात बघ."

हात म्हणे. दाखवतेच.

५ फेब्रुवारी

मेकॅनिकने सीट काढली. बॅटरी भरलेली, फ्यूज शाबूत. वायरी ओढून, हलवून पाहिल्या. सीटशिवाय गाडी बराच वेळ चालू ठेवली, तर कुरकूर म्हणून नाही. बंद पडलेली असताना आणा, म्हणाला. म्हणजे ढकलत.

७ फेब्रुवारी

पुन्हा! नमुने वाचले, रिक्षाने नेले म्हणून.

आता ठरलं. रविवारी आईच्या वाढदिवसाला सगळे जमणार. भाऊजी ती पांढरी पँट घालून येणारच. सर्वांसमोर त्यांनाच गाडीवर बसवायचं आणि टेकडीपर्यंत पाठवायचं. घामाघूम होऊन ढकलत परत येतील तेव्हा मी गॅलरीतून टाळ्या वाजवणार.

९ फेब्रुवारी, रविवार

नाक कापलं गेलं — माझंच. भाऊजी टेकडीवर जाऊन, वर दोन चकरा मारून, शीळ घालत परत आले. पँटवर डाग नाही. काका हसले, आईसुद्धा हसली. ताई तेवढी हसली नाही. आईच्या इस्त्रीची वायर सुटली होती, तिला टेप लावत बसली होती. मान वर केली नाही. माझ्या बाजूने एक शब्द बोलली असती तर काय बिघडलं असतं? तिच्यावरही राग आहे.

११ फेब्रुवारी

भांडी घासताना डोक्यात आलं. भाऊजी टेकडीवर गेले तेव्हा मागे पेटी नव्हती. मेकॅनिककडे तर सीटच नव्हती. पेटीशिवाय माझीही कधी बंद पडलेली नाही!

पेटीत पाण्याच्या बाटल्या भरल्या, मागे करकचून बांधली आणि गल्लीतल्या खड्ड्यात गाडी मुद्दाम आपटली. मेली. सीट उचलून आत हात घातला. पार मागे, पत्र्याच्या बेचक्यात, कुणाची नजरही जाणार नाही अशा जागी एक बटण. टेबल-लॅम्पला असतं तसलं, बॅटरीच्या मुख्य वायरमध्ये जोडलेलं. दाबलं, गाडी जिवंत. पुन्हा दाबलं, मेली. पेटी आदळली की सीट त्याच्यावर टेकत होती, एवढंच.

नाचायची बाकी होते. भाऊजी, सापडलात! हे बटण आता सगळ्या नातेवाइकांना दाखवणार होते.

मग वायरच्या जोडावरचा टेप सोडवायला नख लावलं आणि हात थांबला. टेपचं टोक दुमडलेलं होतं, पुढे सोडवायला सोपं जावं म्हणून. आमच्या घरात असा टेप एकच माणूस लावतं. इस्त्री बघायला जायचीही गरज नाही.

१२ फेब्रुवारी

ताईच्या कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिले. सुटल्यावर ती आली, तेव्हा बटण तिच्या हातावर ठेवलं. तिने नाही म्हटलं नाही.

भाऊजी संध्याकाळी अत्तर लावून कुणाकडे जातात, हे तिला कधीपासूनच माहीत होतं. भांडून झालं, रडून झालं. मग हे बटण. ते आरशासमोर उभे राहिले की ही खाली जाऊन दाबून यायची. किका मारून दमले की मुकाट्याने घरी बसायचे. सकाळी कामाच्या वेळेला गाडी पुन्हा शहाणी.

विकली तेव्हा तिला विचारलंच नव्हतं. नंतर मला बटणाचं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, म्हणून गप्प राहिली. माझं काम जाता जाता राहिलं! तरी तिच्यावर ओरडता येईना. भाऊजींवरचा राग मात्र दुप्पट झाला.

टोक कशाला दुमडलंस, विचारलं.

"कधीतरी काढायचं होतं ना," ताई म्हणाली. "सुधारला की."

बटण तिने पर्समध्ये टाकलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

भाऊजी नवी मोटरसायकल दाखवायला आईकडे आले. पोटभर जेवले, आतल्या खोलीत आडवे झाले, घोरू लागले. किल्ली टेबलावर. ताईने पर्समधून बटण काढून माझ्या हातात दिलं. "तू बसव. मी दाराशी बसते."

जाताना विचारलं, टेपचं टोक दुमडू का?

नको म्हणाली.